टांगाईलवाल्यांचा मेळावा: ११ डिसेंबर की १६ डिसेंबर? आणि घरच्यांचं काय?

रंकाळवेस
कोल्हापूर जिल्ह्यातल्या निवृत्त पॅराट्रूपर्सचा आणि त्यांच्या घरच्यांचा मेळावा यंदा नीट करायचं चाललंय. शाल-श्रीफळ, तीन भाषणं, जेवण आणि चला घरी, एवढ्यावर भागवायचं नाही.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. ११ डिसेंबर १९७१ ला दुपारी साडेचारच्या सुमारास आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलजवळ छत्रीने उतरली ती २ पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, मूळची ३ मराठा. लोहजंग नदीवरचा पूंगली पूल ताब्यात घ्यायचा आणि जमालपूर-मैमनसिंगकडून ढाक्याकडे मागे सरणाऱ्या पाकिस्तानच्या ९३ ब्रिगेडची वाट तोडायची, हे काम होतं. ते झालं, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात सगळ्यात आधी शिरलेल्यांत हीच पलटण होती. तेव्हा विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे.

प्रश्न असे:
तारीख कोणती, ११ की १६?
जागा कोल्हापूर शहर, की सगळ्यांनी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला जायचं?
जे गेले त्यांच्या बायका-मुलांना बोलावतो, पण ती येऊन मागच्या खुर्चीत गप्प बसतात. त्यांच्यासाठी काय करता येईल?

पांढरारस्सा
जेवणाचं सांगा आधी. बाकीचं आपोआप जमतंय.

लोहजंग७१
११ डिसेंबरच. १६ तारीख सगळ्या सैन्याची. त्या दिवशी जिल्हा प्रशासनाचा विजय दिवस असतो, टेंबलाईवाडीला १०९ टीए (प्रादेशिक सेना) बटालियन आहे, शाळा-कॉलेजं वेगळी बोलावतात. माजी सैनिक त्या दिवशी तीन ठिकाणी विभागलेले असतात. ११ ला दुसरं कुणीच काही करत नाही आणि ती तारीख छत्रीवाल्यांची आहे.

एक दुरुस्ती. 'टांगाईलचे' म्हणून नुसत्या २ पॅराची यादी काढू नका. उतरला तो बटालियन ग्रुप होता. सोबत १७ पॅरा फील्ड रेजिमेंटची तोफांची बॅटरी, पॅरा सॅपर (इंजिनिअर), ६० पॅरा फील्ड अँब्युलन्सची माणसं. तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिकला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, मेडिकल कोअरचं लखनौला. पॅराशूट रेजिमेंटचं बेंगळुरूला. बेळगावात विचारून यातलं काहीच मिळत नाही आणि लोक 'आमच्या वडिलांचं नावच नाही म्हणाले' म्हणून परत येतात.

चंदगडी
शहरात घेताय ते शहरवाल्यांच्या सोयीनं. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर, बेळगाव उशाला. आजरा-गडहिंग्लजवाल्यांचंबी तसंच. ऐंशीच्या म्हाताऱ्याला पहाटे पाचला उठवून एसटीत घालायचं आणि रात्री नऊला घरी, ह्येला सन्मान म्हणायचं होय?

निपाणीकर
चंदगडींचं बरोबर आहे. पण बेळगावच्या सेंटरमध्ये शे-दीडशे नागरिक नेणं म्हणजे आधी पत्र, सगळ्यांची नावं, आधार क्रमांक, गाड्यांचे नंबर. आयत्या वेळी मेहुणा आणि त्याची दोन पोरं वाढली की गेटवर अडलं. शिवाय मराठा लाइट इन्फंट्रीचा स्वतःचा दिवस ४ फेब्रुवारीला असतो, १६७० साली कोंढाणा घेतला त्याचा. ज्यांना बेळगावच हवं त्यांनी त्या वेळेला सेंटरशी बोलून जावं. डिसेंबरचं आपल्याकडे ठेवा. गडहिंग्लज मध्यावर पडतं, एक वर्ष तिथे, एक वर्ष शहरात.

टेंबलाईचा_वारा
+१ गडहिंग्लज आलटून-पालटून.

शहरात असेल तर दसरा चौकातलं शाहू स्मारक बघा, पण पुष्पचक्राचा भाग आतच घ्या. बाहेर दोन मिनिटांची शांतता पाळायची म्हणजे केएमटी, रिक्षा आणि एक बुलेट हमखास.

रंकाळवेस
लोहजंग, ग्रुपचा मुद्दा लक्षात आला. आमच्या यादीत सॅपर एकही नव्हता. साडेचारलाच पुष्पचक्र ठेवायचं असा एकाचा आग्रह आहे, उतरले त्या वेळेला. काय म्हणता?

हिरवादिवा
भावना चांगली, वेळ चुकीची. साडेचारला कार्यक्रम म्हणजे सहा वाजता अंधारात म्हातारी माणसं गाड्या शोधणार. साडेदहाला जमा, अकराला पुष्पचक्र, साडेबाराला जेवण, तीनला मोकळे. साडेबाराचं जेवण साडेबारालाच. इन्सुलिन आणि साखरेच्या गोळ्यांवरची माणसं आहेत. पाहुण्यांच्या भाषणापायी जेवण दीडवर गेलं की कुणीतरी घामाघूम होतंच. पाहुण्यांची भाषणं जेवणानंतर ठेवा, आपोआप आखूड होतात.

बाकी:
खुर्च्या हातवाल्या. प्लॅस्टिकच्या बिनहाताच्या खुर्चीतून पॅराट्रूपर उठू शकत नाही. उतरताना अंग पाच जागी टेकवत लोळायचं शिकवतात: चवडे, पोटरी, मांडी, नितंब, पाठीची कड. उद्देश हाच की सगळा मार गुडघ्यावर येऊ नये. पण वाऱ्यात, अंगावर बोजा घेऊन, शेताच्या बांधावर उतरताना पाच जागा कोण मोजतो? तरुणपणी निभावलं ते आता गुडघ्यात आणि कमरेत निघतं.
पायऱ्या असतील तर कठडा हवा. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर.
स्पीकर दोन मोठे न लावता चार लहान, कडेने. कानातल्या यंत्राला मोठा घुमारा चालत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो.

पांढरारस्सा
जेवणाचं शेवटी आलंच की. तांबडा-पांढरा ठेवा, पण तांबडा वेगळ्या भांड्यात, तिखट आणि तेलाचा कट वरून ज्याचा त्याने घ्यायचा. पांढऱ्या रश्श्यात नारळ-काजू असतंय, बीपीवाल्यांना मीठ बेताचं. शाकाहारी पंगत पाहिजेच, वारकरी झालेले लई आहेत. मार्गशीर्षातला गुरुवार लागला तर बायका मटणाला हात लावत नाहीत, ११ तारखेचा वार बघून ठरवा. गोडाला जिलेबी नको, पेरू-पपई कापून.

बेळगाव_कॅम्प
पोशाखाचं कुणीतरी लिहा म्हणून मीच लिहितो. दर वर्षी यावरून कुरबुर होते.

मरून बेरे (टोपी) १९७१ च्या माणसाने घालावी, त्याचा हक्क आहे. बॅज पॅराशूट रेजिमेंटचा: उघडी छत्री, दोन्ही बाजूंना पंख, मधोमध उभा खंजीर. 'बलिदान' बॅज पॅरा स्पेशल फोर्सेसचा आहे. २ पॅरा आता स्पेशल फोर्सेस आहे, पण ७१ साली ती साधी पॅरा बटालियन होती, म्हणून त्या पिढीने बलिदान लावायचा नाही. नातवांनी बाजारातून आणलेली मरून टोपी आणि बलिदान बॅज तर अजिबात नको. पोराला वाटतं आजोबांचा मान राखला, आजोबांना ते खुपतं, आणि चारचौघांत बोलता येत नाही. आमंत्रण पत्रिकेवरच एक ओळ छापा.

पदकं ब्लेझरवर डाव्या छातीवर, स्वतःची असतील तर. गेलेल्या माणसाची पदकं घरच्यांनी लावायची तर उजव्या छातीवर, अशी प्रथा आहे. ७१ वाल्यांकडे साधारण पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार, संग्राम मेडल आणि १९७२ चं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक असतं. पासष्टच्या युद्धातले असतील तर समर सेवा स्टार, रक्षा मेडल.

फिती कुजल्या असतील तर बेळगावात कॅम्पातल्या मिलिटरी शिंप्यांकडे नव्या मिळतात. पदक मात्र ब्रासोने (पितळेच्या पॉलिशने) घासू नका.

कागदपत्रवाला
बेळगाव_कॅम्प यांच्या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढतो.

पदकाच्या कडेवर बारीक अक्षरात आर्मी नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं. कागद पुरात गेले, वाळवीने खाल्ले, तरी ती कड सांगते माणूस कोण होता. वर्षानुवर्षं ब्रासो लावलं की ती अक्षरं झिजून जातात. कसं वाचायचं: खोलीत अंधार करा, मोबाईलचा दिवा पदकाच्या कडेला जवळजवळ समांतर धरा, हळू फिरवा. अक्षराच्या खोबणीत सावली पडते आणि ३ आहे की ८ ते कळतं. फोटो काढून मोठा करून दोघांनी वेगवेगळं वाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या स्टारला अशी कड नसते, भारतीय सैनिकांच्या स्टारवर नाव-नंबर मागच्या बाजूला असतो, तिथे बघा.

आणि रंकाळवेस, घरच्यांसाठी काय करता येईल या प्रश्नाला माझं उत्तर हेच: सत्कार कमी करा आणि कागदांचं टेबल लावा. बाई मागच्या खुर्चीत गप्प बसते कारण तिला तिथे काही कामच नसतं. खरं काम तिच्या पिशवीत असतं.

टेबलावर आणायला सांगा: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, पॅन, बँक पासबुक, असल्यास मृत्यू दाखला. झेरॉक्स दोन-दोन. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आधी पत्र दिलं तर माणूस येऊन बसतो.

नेहमी सापडणाऱ्या अडचणी:
एक, बायकोचं नाव. लष्कराच्या कागदात 'अनसूया', आधारवर 'अनुसया', बँकेत 'अनुसयाबाई'. नवरा असताना काही अडत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होताना अडतं. म्हणून नवरा हयात असतानाच दुरुस्ती करून घ्या. प्रतिज्ञापत्र आणि अर्ज रेकॉर्ड ऑफिसला जातो, तिथून पार्ट टू ऑर्डर (नोंदीतल्या बदलाचा आदेश) निघते.
दोन, बाईची जन्मतारीख. ८० वर्षं पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, शंभरीला १०० टक्के. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हे लागू आहे. पण पीपीओमध्ये बाईची जन्मतारीखच नसेल तर ती ऐंशीची झाल्याचं यंत्रणेला कळणार कसं? बाई ८४ ची आणि वाढ शून्य, अशी घरं गावोगाव आहेत. मागची थकबाकीही मागता येते.
तीन, हयातीचा दाखला. चेहरा दाखवून मोबाईलवर होतो. टेबलावर उजेडाची जागा आणि बरं इंटरनेट ठेवा, मोतीबिंदूच्या डोळ्यांना पापणी मिटवायला लावणारं ते ॲप तीन-चार वेळा नाही म्हणतं.

शिरोळची_सून
कागदपत्रवाला, हे सगळं छापून प्रत्येकाच्या हातात द्यायला पाहिजे.

बायकांबद्दल अजून एक. मेळाव्यात 'महिलांसाठी हळदी-कुंकू' ठेवतात आणि त्यात अर्ध्या बायका विधवा असतात. त्या उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहतात. ज्यांच्या नवऱ्यांच्या नावाने मेळावा, त्याच बाहेर! आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, नंतर सरकारने इतर गावांनाही तो कित्ता घालून दिला. त्याच तालुक्यात सैनिक टाकळी आहे, जिथे घरागणिक सैनिक. आपल्या जिल्ह्यात तरी हे व्हायला नको. फूल आणि ओटी द्यायची तर सगळ्यांना सारखी, नाहीतर कुणालाच नको.

आणि सूत्रसंचालकाला सांगून ठेवा: 'वीरनारी' म्हणजे जिचा पती युद्धात किंवा कारवाईत कामी आला ती. निवृत्त होऊन घरी वारलेल्या जवानाच्या पत्नीला स्टेजवरून वीरनारी म्हटलं की ती संकोचते आणि खऱ्या वीरनारीला वाईट वाटतं. नाव, गाव आणि 'अमुक यांच्या पत्नी' एवढं पुरे. आधी तिचं नाव, मग त्याचं.

खडूस_आजरेकर
हळदी-कुंकू बंद, ब्रासो बंद, जिलेबी बंद. मेळावा आहे का पथ्य?

पांढरारस्सा
@खडूस जिलेबी मी तुम्हाला वेगळी बांधून देतो. कागदाच्या टेबलावर खा.

दूरदेशी
कोल्हापूरचीच, सध्या नेदरलँड्समध्ये. इथल्या पद्धतीतली एक गोष्ट घेण्यासारखी वाटते म्हणून लिहिते.

सप्टेंबर १९४४ मध्ये आर्नहेमला ब्रिटिश आणि पोलिश छत्रीसैनिक उतरले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, पूल हाती आला नाही. शेजारच्या ओस्टरबेकला त्यांचं दफनस्थान आहे, १७५० च्या वर थडगी. १९४५ पासून दर सप्टेंबरला आसपासच्या शाळांतली मुलं येतात, एकेका थडग्यामागे एकेक मूल उभं राहतं आणि सगळी एकदम फुलं ठेवतात. त्या लढाईतले बहुतेक सैनिक आता हयात नाहीत, तरी कार्यक्रम आटला नाही, कारण तो सैनिकांवर अवलंबूनच ठेवलेला नाही.

आपल्याकडे थडगी नाहीत, पण एक मूल एक नाव हे जमू शकतं. जाड कार्डावर नाव, हुद्दा, गाव, युनिट. मुलाने नाव मोठ्याने वाचायचं आणि कार्ड पुष्पचक्राजवळ ठेवायचं.

हिरवादिवा
छान आहे. फक्त कार्ड आदल्या दिवशी मुलांच्या हातात द्या आणि घरच्यांकडून उच्चार तपासून घ्या. 'ऐनापुरे'चं 'आयनापूर' झालं की समोर बसलेल्या बायकोच्या डोळ्यांत काय दिसतं ते नको. आणि नावं तीस-चाळीसच्या वर असतील तर दोन मुलं आळीपाळीने, नाहीतर अर्धा तास जातो.

लोहजंग७१
@दूरदेशी आर्नहेमचं निघालंच आहे तर आपल्या बाजूचंही सांगतो. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला ५० इंडियन पॅराशूट ब्रिगेडने कोहिमाकडे निघालेले जपानी काही दिवस रोखून धरले. त्या लढाईत ब्रिगेडसोबत ४/५ मराठा, म्हणजे ५व्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण होती. म्हणजे मराठा आणि छत्री यांची गाठ टांगाईलच्या सत्तावीस वर्षं आधीची. आणि ३/५ मराठा, जी पुढे २ पॅरा झाली, तिचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून कामी आले. ते माणगाव तालुक्यातले, पण पलटण हीच. नावांची कार्डं करताना ७१ वरच थांबू नका.

चंदगडी
आमच्याकडं जुन्या घरात एकाच्या पणजोबाचं कागद हाय, 'मराठा' लिवलंय, कुठं मेला काय म्हाईत न्हाई. असल्यांचं कसं शोधायचं?

कागदपत्रवाला
@चंदगडी दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात, फुकट. खुबी अशी की आडनावाने शोधू नका. इंग्रज कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलंय, आणि पुष्कळदा आडनाव नाहीच, नाव आणि बापाचं नाव. त्यामुळे रेजिमेंटने शोधा. मराठाचं तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं होतं: एम, ए, एच, आर, ए, दोन टी, ए. 'एच' पुढे. हे न कळल्यामुळे लोक 'शून्य निकाल' बघून सोडून देतात. मग 'अधिक माहिती'मध्ये गाव आणि 'कोल्हापूर' दिसतंय का बघा. गावाचं स्पेलिंग मोठ्याने वाचा, डोळ्याला कळत नाही ते कानाला कळतं.

आणि थडगं शोधू नका. हिंदू सैनिकांचं दहन झालं, त्यामुळे नाव स्मारकावर असतं. कोहिमाच्या दहन स्मारकावर ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावं आहेत. ज्यांचा पत्ताच लागला नाही त्यांची त्या त्या आघाडीच्या स्मारकावर, घाडगेंचं कॅसिनोला आहे.

कागदाला मात्र लॅमिनेशन करू नका! उष्णता आणि डिंक, दोन्ही परत काढता येत नाहीत. साधं पारदर्शक फोल्डर, उन्हापासून लांब.

टेंबलाईचा_वारा
लॅमिनेशनवरून आठवलं. फोटोंचं प्रदर्शन लावताना एक सांभाळा. आकाशभर छत्र्यांचा जो प्रसिद्ध फोटो टांगाईलचा म्हणून दर डिसेंबरला फिरतो, तो टांगाईलचा नाही. आग्र्याच्या सरावाचा आहे. तेव्हा तो वर्तमानपत्रांना दिला गेला आणि जगभर छापून आला, त्यामुळे अख्खी ब्रिगेड उतरली असाच बोभाटा झाला. प्रत्यक्षात उतरले ते एका बटालियन ग्रुपचे, सातशेच्या आसपास. फलकावर तो लावायचा तर खाली खरं लिहा. उतरलेला माणूस समोर बसलेला असताना त्यालाच खोटा फोटो दाखवणं बरं नाही.

घरातले फोटो स्कॅन करताना पोस्टकार्ड आकाराला ६००, पासपोर्ट आकाराला १२०० डीपीआय. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट, खिडकीपाशी, तिरका धरून काढा. मागची बाजूही स्कॅन करा, नावं तिथे असतात. नवीन नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलने.

शिरोळची_सून
आणि गावातल्या जुन्या पाट्या? पहिल्या महायुद्धात या गावातून इतके गेले, इतके मेले, अशा संगमरवरी पाट्या चावडीवर असतात. दर १५ ऑगस्टला ऑइल पेंट.

कागदपत्रवाला
रंग लावणं थांबवा, एवढंच आधी. साफ करायची तर साधं पाणी आणि मऊ ब्रश. ॲसिड, फरशीचं लिक्विड, तारेचा ब्रश यांनी संगमरवराची पातळ साय जाते आणि अक्षरं आणखी उथळ होतात. वाचायचं तसंच, रात्री कडेने टॉर्च मारून. फोटो काढून मजकूर ग्रामपंचायतीत नोंदवा.

खडूस_आजरेकर
ते सगळं खरं, पण जिवंत आहेत त्यांच्याकडून काय ऐकायचं ते कुणी सांगत नाही. सगळे पाट्या आणि पासबुकं.

हिरवादिवा
@खडूस रास्त. आठवणी ध्वनिमुद्रित करायला मेळाव्याचा दिवस वाईट. गोंगाट असतो आणि माणूस दमलेला. त्या दिवशी फक्त वेळ ठरवून घ्या, नंतर घरी जा. पंखा बंद, टीव्ही बंद, कॉलरला लावायचा स्वस्त माइक, मोबाईल फ्लाइट मोडवर. पाऊण तासात थांबा.

'तुमचा अनुभव सांगा' असं विचारलं की भाषण मिळतं, तेच तेच, स्टेजवरचं. बारीक विचारा. विमान कुठलं होतं, एएन-१२, पॅकेट, डाकोटा की कॅरिबू? कलाईकुंडाहून की दमदमहून? स्टिकमध्ये (एका विमानातून ओळीने उडी मारणाऱ्यांत) कितवा नंबर? पुढे कोण, मागे कोण? विमानातला तयारीचा लाल दिवा ते उडीचा हिरवा दिवा, मध्ये काय दिसत होतं? अंगावर काय काय बांधलं होतं? छत्री कुठे पुरली की टाकली? अंधार पडल्यावर पलटणीची माणसं एकमेकांना कशी सापडली? अशा प्रश्नाला माणूस थांबतो, आठवतो आणि मग बोलतो.

यावरून मेळाव्यासाठीही एक सुचतं. बसायची व्यवस्था तालुक्याप्रमाणे करतात, ती विमानाप्रमाणे करा. एका स्टिकमधून उडी मारलेली दोन माणसं शेजारी आली की सूत्रसंचालक लागत नाही. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांनाही त्याच्या स्टिकच्या टेबलाशी बसवा. मुलीला आपल्या बापाच्या मागून उडी मारलेला माणूस भेटतो. मागच्या खुर्चीचा प्रश्न तिथेच सुटला.

दूरदेशी
हिरवादिवा, हे शंभर नंबरी.

बेळगाव_कॅम्प
पुष्पचक्राचं राहिलं. बांबूच्या कामट्यांचं किंवा तारेचं कडं, बाहेरून दोन फूट व्यास, त्यावर गवत सुतळीने गच्च बांधलेलं, मग अशोकाची पानं, त्यावर फुलं नारळाच्या हिरांनी टोचलेली. झेंडू स्वस्त, पण रात्री भिजवून ठेवला तर सकाळी वजनाने खाली झुकतो. शेवंती आणि निशिगंध टिकतात. सकाळी सातला करून घ्या. आणि तिवई अडीच फूट उंचीची, जरा मागे कललेली ठेवा, म्हणजे ठेवणाऱ्याला वाकावं लागत नाही. जमिनीवर ठेवायला लावलं की एक जण वाकतो आणि दोघांना त्याला उचलावं लागतं.

क्रम: पुष्पचक्र, सलामी शस्त्र, शोक शस्त्र, लास्ट पोस्ट (बिगुलाची धून), दोन मिनिटं शांतता, राउझ (बिगुलाचीच दुसरी धून), पुन्हा सलामी शस्त्र. गार्ड नसेल तर शस्त्राचे भाग गाळा, एनसीसीच्या पोरांना काठ्या देऊन करवू नका. बिगुलर हवा असेल तर टीए बटालियन किंवा एनसीसीला महिना-दीड महिना आधी पत्र. बिगुल रेकॉर्डवर वाजवणार असाल तर तो फोन दुसऱ्या कुणाचाही नको आणि फ्लाइट मोडवर. शांततेत 'पार्सल आलंय' ऐकायला बरं वाटत नाही. शांतता संपल्याची खूण एकाच माणसाने, घड्याळ बघून द्यायची.

टेबलावर, स्टेजच्या कडेला तिरंगा झालर म्हणून लावू नका. ध्वजसंहितेला ते चालत नाही, आणि समोर बसलेल्यांना त्याहून कमी चालतं.

चंदगडी
मग गडहिंग्लज पक्कं का?

रंकाळवेस
दोन दिवस सगळ्यांशी फोनवर बोललो. ठरलं ते असं.

११ डिसेंबर. वार कुठलाही असो, तारीख तीच. नोकरीवाल्या मुलांना रविवार सोयीचा असतो, पण रविवारवर ढकललं की दर वर्षी तारीख सरकते आणि शेवटी ती १६ लाच जाऊन चिकटते. मार्गशीर्षी गुरुवार आला तर जेवण शाकाहारी.
यंदा गडहिंग्लज, पुढच्या वर्षी शहर. शिरोळ-हातकणंगलेकडच्यांसाठी कोल्हापूरहून एक बस, पायरी कमी उंचीची बघतोय.
साडेदहा ते तीन. टेबलं विमानाप्रमाणे. ज्यांना विमान आठवत नाही त्यांच्यासाठी कंपनीप्रमाणे.
कागदांचं टेबल दहापासूनच सुरू, जेवणाच्या वेळी बंद.
हळदी-कुंकू नाही. कार्डं दूरदेशींच्या पद्धतीने. तोफखाना, सॅपर, मेडिकलचीही.

नोंदणी करताना आर्मी नंबर कळवा, नुसतं नाव नको. एकाच तालुक्यातून एकाच नावाचे तीन हवालदार पाटील आधीच आलेत.

कागदपत्रवाला
नंबर माहीत नसेल तर पदकाच्या कडेचा फोटो पाठवा, वाचून देतो. उजेड कडेने.

पांढरारस्सा
गुरुवार नाही ना यंदा? तेवढं सांगा, मटणाची ऑर्डर द्यायची आहे.